जुन्या रोलर कोस्टरच्या आठवणी लिहून काढायच्यात? आधी दांड्याबद्दल विचारा

एखादा रोलर कोस्टर तीस-चाळीस वर्षं जुना झाला की त्याच्याभोवती गोष्टी जमायला लागतात. "आमच्या वेळी बेल्टबिल्ट काही नव्हतं", "शेवटच्या डब्यात बसलं की अख्खा माणूस हवेत", "एकदा एक जण पडला तेव्हापासून दांडा बदलला"... हे सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, पण त्यांना आठवतो तो पोटात आलेला गोळा, खालचं यंत्र नाही. म्हणून कुणाला अशा एखाद्या राइडचे सुरुवातीचे दिवस आणि नंतर झालेले सेफ्टीचे बदल नीट लिहून काढायचे असतील तर कसं करायचं ते सांगतो. माणसाला काय धरून ठेवत होतं (दांडा म्हणजे बार, किंवा बेल्ट), ट्रेनला काय थांबवत होतं आणि हे कधी बदललं, एवढं आधी शोधा. या तीन गोष्टी सापडल्या की निम्म्या भांडणांचा निकाल तिथेच लागतो.

सगळ्यात पहिलं, "कसं वाटायचं हो तेव्हा?" हा प्रश्न विचारूच नका, निदान सुरुवातीला तरी. उत्तर ठरलेलं असतं, "भारी वाटायचं, आता ती मजा नाही". त्याऐवजी हाताबद्दल विचारा. हात कुठे धरायचात? समोरच्या आडव्या दांड्याला, सीटच्या कडेला, की मांडीवरच्या बारला? दांडा दोघांत एकच होता का? शेजारी जाडा माणूस बसला तर तुमच्या मांडीपर्यंत तो पोचायचा का? बार तुम्ही स्वतः ओढायचात का स्टेशनवरचा माणूस येऊन दाबायचा? उतरताना प्रत्येकाचा वेगळा उघडायचा की सगळ्यांचे एकदम खटकन उघडायचे? माणसाला वर्ष आठवत नाही पण पोट आणि दांडा यांच्यात केवढी फट होती ते पन्नास वर्षांनीही आठवतं, आणि तुमच्या कामाचं तेच आहे.

कारण त्या फटीवरून काळ कळतो. लाकडी कोस्टरवर बरीच वर्षं एकाच जागी लॉक होणारा, दोघांत एक असा बार असायचा. बसणाऱ्याचं माप काहीही असो, बार तिथेच. मग लहान मुलगा मोठ्या माणसाशेजारी बसला की त्याच्यासाठी तो बार असून नसल्यासारखा. पुढे टप्प्याटप्प्याने घट्ट होणारे बार आले, मग प्रत्येकाला वेगळा बार, मधे सीट विभागणारी गादी, डोक्यामागे हेडरेस्ट, वरून बेल्ट. हे सगळं एकाच दिवशी येत नाही. एका राइडवर आधी हेडरेस्ट येतं, बेल्ट काही वर्षांनी येतो, आणि सांगणारा मात्र "नंतर सगळं बदललं" अशा एका वाक्यात उरकतो. ते एक वाक्य फोडणं हेच तुमचं काम.

आता थोडं यंत्र समजून घ्या, नाहीतर कोण काय सांगतंय ते कळणार नाही.

ट्रेनला पहिल्या चढावावर ओढून नेणारी साखळी असते, ती चेन. त्या चेनवर चढताना जो खट-खट-खट आवाज येतो ना, तो चेनचा नसतो. डब्याखाली एक खटका असतो, तो रुळामधल्या दातेरी पट्टीवर एकेक दात ओलांडत जातो, म्हणजे चेन तुटली तरी ट्रेन मागे घसरू नये. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१० मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याच मिलरने १९१९ मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं, म्हणजे वरचं चाक उचललं गेलं तरी खालचं चाक ट्रेनला रुळावरून सुटू देत नाही. माझ्या मते कोस्टरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सेफ्टी बदल हाच, आणि गंमत म्हणजे त्यामुळे राइड सौम्य झाल्या नाहीत, उलट डिझायनर लोकांना उंच आणि तीव्र उतार बांधायचं धाडस आलं. १९२७ चा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन, ८५ फुटांची पहिली उतरण आणि ताशी ६० मैलांच्या आसपास वेग, तो खालच्या चाकांशिवाय शक्यच नव्हता. त्यामुळे "सेफ्टी आली आणि मजा गेली" असं कुणी म्हणालं की लिहून जरूर घ्या पण लगेच मान डोलवू नका.

त्याआधीचा काळ कसा होता ते बघायचं तर १८८४ चा लामार्कस थॉम्पसनचा स्विचबॅक रेल्वे घ्या, कोनी आयलंडचाच. ताशी सहा मैल वेग, लोक बाकावर बसल्यासारखे बाजूला तोंड करून बसायचे. तिथे कुणाला काही बांधायची गरजच नव्हती. पेनसिल्व्हेनियातला १९०२ चा लीप-द-डिप्स तर अजून उभा आहे, त्याला खालची चाकं नाहीत, लॅप बार म्हणजे मांडीवरचा दांडा नाही, बेल्ट नाही, पण सगळ्यात मोठी उतरणच नऊ फुटांची. म्हणजे "काहीच नव्हतं" ही आठवण खरी असू शकते, फक्त तेव्हा वेग किती आणि उतार केवढा हे त्याच वाक्यात लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल जुने लोक वेडेच होते.

ब्रेकबद्दलही असंच. "ट्रेनवर एक माणूस उभा असायचा आणि तो ब्रेक मारायचा" असं कुणी म्हातारं माणूस सांगायला लागलं की पोरंबाळं हसतात, पण मेलबर्नच्या लूना पार्कमधला १९१२ चा सीनिक रेल्वे आणि कोपनहेगनच्या टिव्होलीतला १९१४ चा रुत्शेबानेन हे दोन्ही तसेच आहेत, ब्रेकमन ट्रेनवरच. बाकी बहुतेक जुन्या राइडवर स्टेशनमध्ये माणसाच्या छातीएवढे उंच लाकडी मुठीचे लिव्हर असायचे. ऑपरेटरने ओढलं की रुळामधल्या पट्ट्या वर येऊन डब्याच्या पोटाला घासायच्या आणि ट्रेन थांबायची, कधी बरोबर जागेवर, कधी चार हात पुढे. त्यानंतर हवेवर चालणारे ब्रेक आले, आणि ते अशा उलट्या अकलेने बनवलेले असतात की स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवेचा दाब तो सोडवतो, म्हणजे हवा गेली तर ब्रेक लागलेलाच राहणार. मग चुंबकाचे ब्रेक. त्यांना वीजही लागत नाही आणि घासणारं काही नाही, पण ते ट्रेन हळू करतात, पूर्ण उभी करून धरून ठेवत नाहीत, म्हणून स्टेशनपाशी दुसरा ब्रेक लागतोच. तुम्ही आठवण गोळा करताना विचारा, शेवटी कसला आवाज यायचा? करकर की फुस्स की काहीच नाही? या उत्तरावरून कुठल्या काळातला माणूस बोलतोय त्याचा बराचसा अंदाज येतो.

अजून एक विचारायचं म्हणजे एका वेळी किती ट्रेन धावायच्या. हे कुणी सांगत नाही कारण बसणाऱ्याचं तिकडे लक्ष नसतं. पण एकाहून जास्त ट्रेन असल्या की पूर्ण रूळ तुकड्यांत वाटलेला असतो, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच ट्रेन. पुढचा ब्लॉक रिकामा नसेल तर मागची ट्रेन ब्रेकवर किंवा चेनवर थांबून राहणार. आधी हे सगळं ऑपरेटरच्या डोळ्यांवर आणि हातावर चालायचं, नंतर सेन्सर आणि कंट्रोल पॅनेल आले. डिस्नेलँडचा १९५९ चा मॅटरहॉर्न यात महत्त्वाचा, पोलादी नळीचा रूळ आणि रुळावर एकाच वेळी अनेक गाड्या, त्यांच्यामधलं अंतर ब्रेकच्या टप्प्यांनी सांभाळायचं. तुमच्या राइडवर मधेच एखादा सपाट भाग आणि तिथे ब्रेक नंतर बसवलेला दिसला तर बहुधा ट्रेनची संख्या किंवा कंट्रोल बदललाय, तिथून एक नवीन तारीख शोधायला लागा.

फोटोकडे वळू. जुने फोटो मिळाले की आपण आधी चेहरे बघतो, ते सोडा. ट्रेनचे डबे मोजा, एका डब्यात किती रांगा ते मोजा, बार बघा, हेडरेस्ट आहे का बघा, चेनच्या चढावाला कडेने कठडा आणि पायऱ्या आहेत का बघा, कारण ट्रेन वर अडकली तर माणसं तिथूनच खाली आणायची असतात. दोन सावधगिऱ्या मात्र पाळा. एक, फोटो उलटा छापलेला नाही ना, डब्यावरचा आकडा किंवा पाटीवरची अक्षरं वाचून बघा, नाहीतर डावीकडचं वळण उजवीकडे जाईल आणि तुम्ही "ट्रॅक बदलला होता" असा शोध लावाल. दोन, पोस्टकार्ड असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्का म्हणजे फोटोची तारीख नव्हे, तेच चित्र वर्षानुवर्षं छापलं जायचं आणि वर रंगही हाताने चढवलेले असायचे, त्यामुळे ट्रेनचा रंग यावरून कधीच ठरवू नका.

घरगुती जुनी फिल्म सापडली तर तुम्ही नशीबवान. पण सुपर एट वगैरे फिल्म बऱ्याचदा सेकंदाला १८ फ्रेमने काढलेली असते आणि डिजिटल करताना कुणी ती २४ किंवा २५ ने चालवली की राइड तुफान वेगात पळताना दिसते. मग लोक म्हणतात बघा तेव्हा केवढा स्पीड होता! आधी आजूबाजूला चालणारी माणसं बघा, ती तुरुतुरु चालत असतील तर स्पीड ट्रेनचा नाही, स्कॅनिंगवाल्याचा आहे. वेग दुरुस्त केल्यावर चेनच्या माथ्यापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा आणि आजच्या राइडशी जुळवा. फरक पडला तर मधे कुठेतरी ट्रिम ब्रेक, म्हणजे ट्रेन न थांबवता वेग थोडा कमी करणारे ब्रेक, बसलेत किंवा ट्रेन बदलल्यात असा एक धागा मिळतो. थेट निष्कर्ष काढू नका हं, कारण सकाळची थंड ट्रेन आणि संध्याकाळची तापलेली ट्रेन यांच्यातही फरक असतो, ग्रीस गरम झालं की ट्रेन मोकळी पळते.

उंचीचे दावे तर काय विचारता. पार्कच्या जाहिरातीत उंची, उतरण आणि लांबी यांची मुद्दाम खिचडी केलेली असते. डोंगराच्या कडेला बांधलेल्या राइडची उतरण तिच्या उंचीपेक्षा जास्त असू शकते, त्यामुळे दोन्ही आकडे वेगळे मागा. साठच्या दशकातल्या राइडबद्दल कुणी "दोनशे फुटांच्या वर होती" म्हणालं तर हसू दाबा, कारण पूर्ण फेरी मारणारा २०० फुटांच्या वरचा पहिला कोस्टर म्हणजे अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा मॅग्नम, १९८९.

ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाले

एक जुना ऑपरेटर भेटला तर शंभर बसणाऱ्यांपेक्षा त्याच्याकडून जास्त मिळतं, पण त्याच्याशी बोलायची पद्धत वेगळी. त्याला राइड कशी होती विचारू नका, त्याला विचारा सकाळी आल्यावर पहिलं काम काय असायचं. लाकडी कोस्टरवर कुणीतरी रुळावरून चालत जाऊन बोल्ट, खिळे, फळ्या बघायचा, हातात पाना आणि हातोडा, मग रिकामी ट्रेन सोडायची, मग पुन्हा सोडायची. कधी वजनासाठी वाळूच्या गोण्या किंवा पाणी भरलेले पुतळे बसवायचे. हे ऐकलं की पुढचं विचारा, पाऊस आला की काय करायचात? ओल्या रुळावर घासणारे ब्रेक नीट धरत नाहीत, त्यामुळे अनुभवी माणूस लिव्हर लवकर ओढायचा, आणि हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा त्याच्या खांद्याला जास्त माहीत असायचं. ट्रेन सोडायच्या आधी कोण कुणाला खूण करायचं, हात वर की दोन बाजूंनी दोघांनी बटण दाबायचं? एखादा बार नीट लागला नसेल तरी ट्रेन सुटू शकायची का? हा शेवटचा प्रश्न शांतपणे विचारा, आरोप केल्यासारखा नको. पूर्वी बार तपासायचं काम पूर्ण माणसाच्या हातावर होतं, हल्ली सेन्सरने होकार दिल्याशिवाय पॅनेल ट्रेन सोडत नाही आणि बारचं एक लॉक निकामी झालं तरी दुसरं असतं. हा बदल तुमच्या राइडवर कधी झाला ते फक्त तोच सांगेल.

आता नाजूक भाग, म्हणजे बदल का झाला.

लोकांना प्रत्येक बदलामागे एक पडलेला माणूस हवा असतो. बेल्ट आला, म्हणजे कुणीतरी पडलं असणार. पण बदलाची कारणं बरीच असतात. जुन्या ट्रेनचे पार्ट मिळेनासे झाले, विमा कंपनीने अट घातली, दुसऱ्याच पार्कमध्ये तशाच राइडवर अपघात झाला आणि बनवणाऱ्याने सगळ्यांना सूचना पाठवली, किंवा नवा नियम आला. अमेरिकेत एएसटीएम या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेची एफ२४ ही राइडसाठीची समिती १९७८ मध्ये झाली, युरोपात नंतर ईएन १३८१४ हे स्टँडर्ड आलं. तुमच्या राइडचा बदल अशा एखाद्या तारखेच्या मागोमाग असेल तर आधी तिकडे बघा, अफवेकडे नंतर.

आणि सेफ्टीचा बदल नेहमी एकाच दिशेने जातो असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन पार्कचा रिव्होल्यूशन, १९७६, आधुनिक काळातली पहिली उभी लूप (माणसाला उलटं करणारा रुळाचा फेरा) असलेला कोस्टर. सुरुवातीला त्यावर फक्त लॅप बार होते, खांद्यावर काही नाही. "आम्ही खांद्याच्या बारशिवाय उलटे झालो" असं सांगणाऱ्याला लोक थापाड्या म्हणतील पण तो खरं बोलतोय. लूप पाण्याच्या थेंबासारखी, खाली रुंद आणि वर अरुंद असल्यामुळे माथ्यावरही माणूस सीटमध्येच दाबला जातो. १८९५ च्या कोनी आयलंडच्या फ्लिप फ्लॅपची लूप मात्र पूर्ण गोल होती, आत शिरतानाच मानेला असा झटका बसायचा की ती राइड फार टिकलीच नाही. म्हणजे रिव्होल्यूशनवर नुसत्या आकारानेच निम्मी सेफ्टी आणली, पट्ट्याने नाही. रिव्होल्यूशनवर पुढे नव्वदच्या दशकात खांद्याचे बार बसवले, लोकांची डोकी त्यावर आपटायला लागली आणि २०१६ ला ते काढून पुन्हा लॅप बार आले! आता या राइडबद्दल तीन पिढ्यांना विचारलंत तर तिघं तीन गोष्टी सांगतील आणि तिन्ही बरोबर. म्हणून प्रत्येक आठवणीपुढे "साधारण कुठल्या वर्षी बसलात" हे लिहिल्याशिवाय ती आठवण वापरू नका. वर्ष आठवत नसेल तर कितवीत होतात, कुणाचं लग्न झालं होतं, असं घुमवून विचारा, निघतं.

खरोखर अपघात झाला असेल तर मात्र ऐकीव गोष्टीवर एक ओळही लिहू नका. तपासाचा अहवाल किंवा कोर्टाचा निकाल शोधा आणि त्यात यंत्राचा कुठला भाग म्हटलाय ते नेमकं घ्या. लंडनच्या बॅटरसी पार्कचा बिग डिपर, ३० मे १९७२, चढावावर ट्रेन दोरापासून सुटून मागे आली, मागे घसरू न देणारी यंत्रणा चालली नाही, पाच मुलं गेली. वर मिलरच्या खटक्याचं सांगितलं ना, तो का महत्त्वाचा हे इथे कळतं. कॅनडातल्या एडमंटनच्या मॉलमधला माइंडबेंडर, १४ जून १९८६, शेवटच्या डब्याच्या चाकांचे बोल्ट सुटले, तिघांचा जीव गेला, त्यानंतर चार डब्यांच्या ट्रेन तीन डब्यांच्या झाल्या आणि खांद्यावरचे बार आले. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या फरकाने बसलेल्या दोघांत "चार डबे होते की तीन" असं भांडण झालं तर दोघंही जिंकले. आणि इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कचा स्मायलर, २ जून २०१५, तिथे यंत्रणेने ट्रेन थांबवली होती, पुढे एक रिकामी ट्रेन अडकलेली आहे हे लक्षात न आल्याने माणसांनी ते थांबवणं ओलांडलं आणि भरलेली ट्रेन जाऊन आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला, कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंडांचा दंड झाला. यात नवीन पार्ट बसवून भागत नाही, बदल होतो तो कुणाला कधी काय ओलांडायची परवानगी आहे या कामाच्या पद्धतीत, आणि असा बदल फोटोत दिसत नाही. तो ऑपरेटरलाच विचारावा लागतो.

जखमी झालेल्यांची किंवा गेलेल्यांची नावं लिहायची गरज नसते. तारीख, जागा, कारण आणि नंतर काय बदललं एवढं पुरे. त्यांच्या घरचे वाचणार आहेत असं धरूनच लिहा, आणि "थरारक" वगैरे शब्द त्या परिच्छेदात येऊ देऊ नका.

लिहायला बसलात की आठवणी आणि पक्की माहिती यांची सरमिसळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे आधी नुसत्या भागांची यादी वर्षांसकट करा. बार, बेल्ट, हेडरेस्ट, चाकं, चढावावरचा खटका, ब्रेक, ट्रेन किती, डबे किती, कंट्रोल, उंचीची अट दाखवणारी पट्टी, सुट्या वस्तू ठेवायची सोय. जिथे वर्ष नाही तिथे "अमुक फोटोच्या नंतर, तमुक फोटोच्या आधी" असं लिहा, तेही चालतं. मग त्या सांगाड्यावर माणसांची वाक्यं चढवा, त्यांच्याच शब्दांत, सुधारून नको. आणि प्रत्येक वाक्याशेजारी तो माणूस कुठे बसला होता ते टाका, पुढच्या डब्यात की मागच्या, कारण मागचा डबा माथ्यावरून ओढला जातो आणि पुढचा माथ्यावर लोंबकळतो. दोघांची राइड खरंच वेगळी असते, त्यात एकाला खोटं पाडायचं कारण नाही.

कच्चा मजकूर तयार झाला की तो आधी त्या ऑपरेटरला किंवा मेंटेनन्सवाल्याला वाचून दाखवा, पार्कच्या जाहिरात खात्याला नाही. तो मधेच थांबवून म्हणेल, "अहो तो ब्रेक तिथे नव्हता, वळणाच्या अलीकडे होता". तिथेच पेन्सिलने खूण करा, त्याच्याकडून कागदावर ट्रॅकची रेघ काढून घ्या आणि त्या रेघेवर त्याच्याच हाताने ब्रेकची जागा आणि साल लिहून घ्या.